बाजूवाल्याले दिसत नाही

वासुभाऊंच्या घरी क्रिकेटचा सामना पाहायला गेलेल्या माणसानं डोळे मिटून बसलं तरी चालतं. पडद्यावर जे दिसतं ते सगळं वासुभाऊ मोठ्या आवाजात सांगत असतात.

“आला. लंबा गडी हाये. पळत आला. फेकला. यानं मारला. नाही, नाही लागला. मांग गेला. मांगच्यानं धरला. आता सारे हात वर करून कल्ला करून राह्यले. गुरुजी हालत नाही. गुरुजी नाही म्हणते.”

गुरुजी म्हणजे पंच. यष्ट्यांना ते दांडके म्हणतात आणि कॅचला कॅश. क्रिकेट त्यांना कळत नाही आणि आवडतही नाही, हे सगळ्या डोणगावला ठाऊक आहे. बातम्या सुरू असताना ते गप्प असतात, मालिका लागली की खुर्चीतच झोपतात. सामना लागला की मात्र ताठ बसतात आणि पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत ओरडतात.

एकदा किराणा दुकानदार वैतागला. “वासुभाऊ, आमाले दिसून राह्यलं ना सारं!”

“तुले दिसून राह्यलं,” वासुभाऊ पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “बाजूवाल्याले दिसत नाही.”

हे खरं होतं. वासुभाऊंचा टीव्ही स्वस्तातला, चपटा, पातळ. समोर बसलं तर चित्र दिसतं, जरा कडेला सरकलं की माणसं काळी पडतात आणि मैदानावर ग्रहण लागतं. तेव्हा कडेला बसणाऱ्यांच्या सोयीसाठी ते सांगतात, असं आम्ही धरून चाललो. त्या दिवशी कडेला कोणीच बसलेलं नव्हतं, हे मला दिसलं होतं. पण सामना रंगात होता आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी वासुभाऊंच्या घरासमोर राहतो. टीव्ही आणायला मेहकरला गेलो तेव्हाही सोबत होतो. त्यावर असलेलं नाव एका बड्या कंपनीच्या नावासारखं आहे, फक्त एका अक्षराचा फरक. दुकानदारानं तो फरक स्वतःच दाखवला. भला माणूस होता. रंग थोडे फिके येतील, सुरू व्हायला वेळ लागेल, आवाज समोरून नाही तर पाठीमागून निघतो, असं सगळं सांगून त्यानं जरा वरचा दुसरा टीव्ही दाखवला. त्याचा आवाज समोरून येत होता.

दुकानात लोक टीव्हीच्या समोर उभे राहून पाहतात. वासुभाऊ दोन्ही टीव्हींच्या मागं जाऊन उभे राहिले, भिंतीला कान लावल्यासारखा कान पुढं करून. मग बाहेर आले आणि म्हणाले, “हाच द्या. पाठमोरा.”

“काका, त्याचा आवाज मागं जाते. तुमाले बरोबर ऐकू येणार नाही.”

“ही खोट नाही बाप्पा, सोय हाये.”

हे वासुभाऊंचं वाक्य. टीव्हीबद्दल कोणीही काहीही बोललं की हेच उत्तर येतं, आणि त्यामागून ती सोय कोणती ते येतं. टीव्ही सुरू व्हायला इतका वेळ लागतो की त्यांच्या पत्नी, इंदूवहिनी, बटण दाबल्याचा आवाज ऐकून चहाचं आधण ठेवतात. चित्र आणि चहा बरोबरच येतात. वासुभाऊंच्या मते ही सोय. टीव्ही वजनाला सुपासारखा हलका आहे. चोरांनाही तो उचलायला सोपा जाईल असं मी म्हणालो, तर म्हणाले, “हलका हाये म्हणूनच नेणार नाही. चोराले वाटन आतमंदी काहीच नाही.”

रंगांचं म्हणाल तर त्यात लाल रंग येतच नाही, सगळी माणसं पिवळी दिसतात. स्वयंपाकाचा कार्यक्रम पाहून इंदूवहिनी म्हणतात, “या टीव्हीत टमाटे कधी पिकतच नाही वं माय. सारे कच्चेच.” वासुभाऊंचं उत्तर तयार असतं. “लग्नाआधी सारे पिवळेच असतात. रोज हळद पाहाले भेटते घरबसल्या. दुसऱ्याच्या टीव्हीत भेटते का?”

या टीव्हीला बोललेलं कळतं, हा त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणून दुकानदारानं सांगितला होता. रिमोट तोंडाशी धरायचा आणि काय हवं ते मराठीत बोलायचं. वासुभाऊंनी पहिल्याच दिवशी रिमोट तोंडाशी धरला आणि म्हणाले, “मले बातम्या दाखव.”

टीव्हीनं विचार केला आणि मलेशिया दाखवला. निळा समुद्र, नारळाची झाडं, उंच इमारती.

वासुभाऊ पुन्हा म्हणाले, “मले बातम्या दाखव ना बे.” पुन्हा मलेशिया, या वेळी खाद्यपदार्थ.

पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा प्रफुल्ल फोनवर होता. तो म्हणाला, “बाबा, ‘मला’ म्हणा. ‘मला बातम्या दाखव.’ त्याला ‘मले’ कळत नाही.”

“काऊन नाही कळत? घरात कोणाच्या राह्यते तो? मायं लाइट खाते, मायी डिशची छत्री वापरते, अन् मायी बोली कळत नाही म्हणते?”

ते ‘मला’ म्हणाले नाहीत, आजपर्यंत नाहीत. त्या घरी बातम्या पाहायच्या तर आधी मलेशियाला जाऊन यावं लागतं. तिथले समुद्रकिनारे मला आता लोणारच्या सरोवराइतके पाठ झाले आहेत. वासुभाऊ शेतात गेले की इंदूवहिनी रिमोट पदराआड धरून हळूच ‘मला’ म्हणतात आणि मालिका लावतात. हे त्यांनी मला शपथ घालून सांगितलं होतं.

वर्षाच्या आत पडद्यावर एक काळी रेघ उमटली. वरपासून खालपर्यंत, बरोबर मधोमध. गोलंदाज एका बाजूला आणि फलंदाज दुसऱ्या बाजूला. वासुभाऊंनी जवळ जाऊन तिच्यावर बोट फिरवलं. मग म्हणाले, “धुरा पडला. टीव्हीतही वाटणी झाली राजेहो.” आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. रेघेला तेव्हापासून धुरा हेच नाव आहे. “चेंडू धुऱ्यावरून पलीकडं गेला,” असं ते सामन्यात सांगतात.

टीव्हीला नावं ठेवली की वासुभाऊ वाद घालतात, हसतात, चहा पाजतात. एका गोष्टीवर मात्र ते हसत नाहीत. हा टीव्ही मधल्या खोलीत उत्तरेच्या भिंतीवर टांगलेला आहे. समोर दार, दाराबाहेर अंगण. दुपारी पडद्यावर टीव्हीपेक्षा अंगणच जास्त दिसतं. वाळत घातलेली तूर, मध्येच एखादी कोंबडी. कोणीही शहाणा माणूस म्हणेल की तो दुसऱ्या भिंतीवर लावा. एकदा मीच म्हणालो.

वासुभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “टीव्ही फोडतो म्हणा, फोडा. भिंत बदलाची गोठ काढू नका.”

त्या भिंतीच्या पलीकडे त्यांचे थोरले भाऊ राहतात, तुळशीरामदादा, म्हणजे प्रफुल्लचे मोठे बाप.

घर आधी एकच होतं. वाटणी झाली तेव्हा मध्ये एकेरी विटेची भिंत घातली. वाटणी गोडीनं झाली. बिनसलं ते नंतर, धुऱ्यावरच्या आंब्यावरून. तो कोणाच्या बाजूला जास्त झुकतो यावर भर बाजारात दोघांचं वाजलं. पुढं एका वादळात आंबा पडला. लाकूड दोघांनी न बोलता अर्धं अर्धं नेलं. अबोला तेवढा वाटला गेला नाही. तो दोघांकडे अख्खा राहिला. वासुभाऊ दादांना ‘तिकडचे’ म्हणतात आणि दादा वासुभाऊंना काहीच म्हणत नाहीत.

माझं दोन्ही घरी जाणंयेणं आहे. साखरेच्या आजारानं दादांची नजर गेली, त्याला आता बरेच दिवस झाले. घरात टीव्ही आहे, पण तो पुढच्या खोलीत, आणि त्यावर दिवसभर सुनेच्या मालिका. सुनेनं त्यांना मोबाइलवर सामना लावून द्यायचं करून पाहिलं. “हात लागला की भलतंच लागते,” दादा म्हणाले आणि मोबाइल परत दिला. एके काळी हा माणूस खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवून डवरा, म्हणजे कोळपं, हाकायचा. बैलांनाही धावसंख्या माहीत असायची असं लोक म्हणत. धाकटे वासुभाऊ तेव्हा त्या कटकटीला कंटाळून शेताच्या दुसऱ्या टोकाला निंदायला जात.

एका दुपारी मी दादांकडे गेलो तर त्यांची बाज जागा सोडून दक्षिणेच्या भिंतीला अगदी चिकटवलेली दिसली. दादा भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या चाहुलीच्या दिशेनं हात वर केला. थांबा.

भिंतीतून टीव्हीचा आवाज स्वच्छ येत होता. वासुभाऊंच्या खोलीत येतो त्यापेक्षा स्वच्छ. आणि त्यावर वासुभाऊ: “उंच गेला! लय उंच गेला! खाली एक जण पळून राह्यला. पिवळ्या तोंडाचा. धरला! कॅश! कॅश झाला!”

“कॅश म्हणते,” दादा पुटपुटले. “लहानपणापासून अक्कल नाही.” पण हात तसाच वर होता, आणि षटक संपेपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं नाही.

परत येताना वासुभाऊंच्या दारावरून आलो. मधल्या खोलीत ते एकटेच होते. इंदूवहिनी बाहेर गेलेल्या. एकटा माणूस खुर्चीत बसून टीव्हीला टीव्हीतलं सांगत होता. ‘बाजूवाल्याले दिसत नाही’ म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे कडेला बसलेलाही बाजूवाला आणि शेजारच्या घरातलाही बाजूवालाच. वासुभाऊ पहिल्यापासून सरळ खरं सांगत आले होते. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी साफ नाकारलं असतं आणि त्या दिवसापासून ओरडणं बंद केलं असतं.

प्रफुल्ल सुट्टीवर आला तो गाडीत भलामोठा टीव्ही घेऊन. चांगला मुलगा आहे. वडील स्वस्तातल्या टीव्हीवर डोळे फोडतात, लोक हसतात, हे त्याला बरेच दिवस लागून राहिलं होतं. सोबत आवाजाची लांब पट्टीही आणली होती. मधल्या खोलीत हा टीव्ही मावणार नव्हता, म्हणून तो पुढच्या नव्या स्लॅबच्या खोलीत लावायचं ठरलं. त्यानं ठरवलं.

“लाव ना,” वासुभाऊ म्हणाले. “लाव तिथं. हा इथं राहू दे.”

“बाबा, छत्री एकच आहे. वायर एकीकडंच जाईल. आणि हा ठेवून करायचं काय? मधोमध रेघ आहे.”

“धुरा हाये तो.”

“लोक हसतात, बाबा.”

“लोकायले हासाचंच काम हाये. तुले कोण्या बापानं सांगतलं लोकायचं ऐकाले?”

“मग सांगा ना, याच्यात असं आहे तरी काय?”

वासुभाऊ भिंतीला पाठ लावून उभे राहिले, टीव्हीच्या खाली, दोन्ही हात मागं. “मी मेल्यावर काढजो,” म्हणाले. प्रफुल्लला यात फक्त हट्ट दिसला. दुसरं काही दिसायचं तर कोणी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासुभाऊ हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेले आणि प्रफुल्लनं जुना टीव्ही उतरवला. वडिलांना चकित करायचं होतं त्याला. गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकला, छत्रीची वायर फिरवून पुढच्या खोलीत घेतली, गावातल्या चार लोकांना सामन्याला बोलावलं. इंदूवहिनींनी आलूपोंगे तळायला घेतले. त्यांना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. मला तसं म्हणाल्याही. पण एवढ्या लांबून लेकरू हौसेनं घेऊन आलेलं.

वासुभाऊ आले तेव्हा सामना सुरू झाला होता. चपला काढल्या, मधल्या खोलीत डोकावले. भिंतीवर दोन खिळे होते आणि खिळ्यांखाली रंगाचा एक उजळ चौकोन. आता भडका उडणार म्हणून प्रफुल्ल तयारीत होता. वासुभाऊ तसेच वळले. पुढच्या खोलीत आले आणि सगळ्यांच्या मागं बसले.

टीव्ही सुंदर होता. लाल रंग लाल होता. कडेला बसलेल्यालाही सारखंच दिसत होतं. आवाज समोरून, छातीवर येत होता. आणि वासुभाऊ गप्प होते. किराणा दुकानदार मागं वळून म्हणाला, “वा वासुभाऊ, आज पहिल्यांदा मॅच ऐकू आली!” सगळे हसले.

वासुभाऊ उठले आणि आत गेले. थोड्या वेळानं आले, उभ्यानंच दोन चेंडू पाहिले, पुन्हा आत गेले. असं चालू राहिलं. येत, पाहत, ओठ हलवत पाठ केल्यासारखं करत, आणि घाईघाईनं आत. कोणाला वाटलं पोट बिघडलं. प्रफुल्ल म्हणाला, “बाबा, बसा ना!” तोपर्यंत ते गेलेले.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागोमाग गेलो.

वासुभाऊ मधल्या खोलीत रिकाम्या भिंतीसमोर उभे होते आणि खिळ्यांकडे पाहत, हात हलवत ओरडत होते. “चौका! चौका गेला! जोरात मारला, सीधा गेला! कोणाले सापडला नाही!”

भिंत गप्प होती. टीव्हीचा आवाज नसल्यानं त्यांचा आवाज उघडा पडल्यासारखा वाटत होता, आणि तो त्यांनाही तसाच ऐकू येत असावा. मला पाहिल्यावर त्यांनी हनुवटी वर केली. चेहरा असा की, हासाचं असन तर हास.

तेवढ्यात पलीकडून खोकला आला. मग बाज करकरली.

“वाश्या.”

वासुभाऊंचा हात तिथंच हवेत राहिला.

“सीधा म्हंजे कुठी बे?” दादांचा आवाज चिडलेला होता. “ऑफले गेला का ऑनले? नीट सांग ना!”

वासुभाऊंना ऑफ आणि ऑन यांतलं काही कळत नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, “थांब दादा. इचारून येतो.”

पुढच्या खोलीत येऊन त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, “प्रफुल्ल, ऑफ कोणतं अन् ऑन कोणतं बे?”

“आता हे कशाला, बाबा?”

“सांगा लागते.”

“कोणाला?”

“तुह्या मोठ्या बापाले,” वासुभाऊ म्हणाले.

प्रफुल्लनं रिमोट उचलून आवाज बंद केला. इंदूवहिनी झारा हातात घेऊन दारात आल्या होत्या. प्रफुल्ल उठून उभा राहिला, हातात नसलेली बॅट धरली आणि वडिलांकडे वळला. सावकाश म्हणाला, “हे पाहा बाबा. खेळणाऱ्याचं तोंड ज्या बाजूले असते ते ऑफ. पाठ ज्या बाजूले असते ते ऑन.” ‘बाजूले’ म्हणाला, हे त्याच्याही लक्षात आलं नसावं.

“तोंड ते ऑफ, पाठ ते ऑन. तोंड ते ऑफ, पाठ ते ऑन,” असं घोकत वासुभाऊ आत गेले. त्यांच्या मागं प्रफुल्लही गेला, आणि मीही.

“दादा! ऑनले गेला! पाठीच्या बाजूनं!”



“ते झालं बे वाश्या,” तुळशीरामदादा म्हणाले. “पुढचं सांग.”

वासुभाऊ पुढचं पाहायला पळत बाहेर गेले.